‘करण्यात येईल’, पण कोण करणार? इंग्रजीतला मोडल आणि पॅसिव्ह, सोप्या भाषेत

“येथे वाहने लावू नयेत. हवा सोडण्यात येईल.”

सदाशिव पेठेतल्या एखाद्या फाटकावर अशी पाटी दिसली, की हवा नेमकी कोण सोडणार याची चौकशी कुणी करत नाही. मालक सोडेल, वॉचमन सोडेल, नाहीतर समोरच्या वाड्यातले आजोबा. गाडी गुपचूप पुढे जाते. एकदाही ‘मी’ न म्हणता बंदी घातली गेली, वर दमही दिला गेला.

इंग्रजीत हे काम करणारी रचना म्हणजे मोडल क्रियापद आणि पॅसिव्ह व्हॉइस यांची जोडी: “व्हेइकल्स मस्ट नॉट बी पार्क्ड हिअर.” जून-जुलै उजाडला की पुण्यात ही जोडी घरोघरी येऊन पडते. कॉलेजांची माहितीपत्रकं, हॉस्टेलचे नियम, हिंजवडीतल्या कंपन्यांची ऑफर लेटर्स, भाड्याच्या फ्लॅटचे लिव्ह अँड लायसन्स करार, सगळीकडे तीच. आणि मग कुठेतरी लिहिलेलं असतं, “द डिपॉझिट मे नॉट बी रिफंडेड.” म्हणजे डिपॉझिट परत मिळणारच नाही, की कदाचित मिळणार नाही? सही करणाऱ्याला ते कळत नाही. बरेचदा लिहिणाऱ्यालाही कळलेलं नसतं.

शाळेत ‘चेंज द व्हॉइस’ करून आपण सगळ्यांनी मार्क मिळवले. त्या प्रश्नात फक्त वाक्याचा आकार बदलायचा होता. अशी वाक्यं लिहिताना काय पणाला लागतं, हे तिथे कुणी विचारत नाही.

आधी साचा

कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल, वुड. या शब्दांना मोडल म्हणतात. मूळ कामाला सक्ती, परवानगी, शक्यता किंवा सल्ला यांपैकी काहीतरी चिकटवणं हे त्यांचं काम. पॅसिव्ह म्हणजे ज्याच्यावर काम होतं त्याला वाक्याच्या तोंडाशी आणायचं आणि करणाऱ्याला मागे ढकलायचं, नाहीतर गाळूनच टाकायचं. दोन्ही एकत्र आले की साचा असा: मोडल, मग ‘बी’, मग क्रियापदाचं तिसरं रूप. “द फॉर्म मस्ट बी साइन्ड.”

हा क्रम रेल्वेच्या डब्यांसारखा पक्का आहे. पुढचं इंजिन म्हणजे मोडल. ‘नॉट’ जोडायचा तो इंजिनाला लागूनच: “विल नॉट बी रिफंडेड”. “विल बी नॉट रिफंडेड” चालत नाही. प्रश्न विचारताना एकटं इंजिन सुटून पुढे जातं: “कॅन द फी बी पेड ऑनलाइन?” एका गाडीला दोन इंजिनं लागत नाहीत, म्हणून “विल मस्ट बी” असं काही नसतं, तिथे “विल हॅव टू बी” म्हणायचं. ‘हॅव टू’ आणि ‘नीड टू’ आपला ‘टू’ सोबत घेऊन येतात. मस्ट, शुड, कॅन यांना तो लागत नाही, त्यामुळे “मस्ट टू बी सबमिटेड” ही चूक.

सगळ्यांत जास्त घोळ शेवटच्या डब्यात होतो. “विल बी सेंड”, “शुड बी इन्फॉर्म”, “मस्ट बी अटॅच”. बोलताना शेवटचा ड किंवा ट इतका पुसट उच्चारला जातो की कानाला तो ऐकू येत नाही, आणि कानाला न आलेलं हाताने लिहिलं जात नाही. ‘सेंड’ आणि ‘सेंट’ तर घाईत सारखेच वाटतात. अनियमित क्रियापदांत दुसरं रूप घुसतं: “विल बी टुक”, “शुड बी रोट”, “मे बी चोज”. ‘बी’च्या पुढे दुसरं रूप कधीच येत नाही. टेकन, रिटन, चोझन, गिव्हन, शोन, विथड्रॉन एवढी पाठ असली तरी ऑफिसातलं बरंचसं काम भागतं. पुट, कट, सेट यांची तिन्ही रूपं सारखीच, तिथे डोकं शिणवायला नको.

काही क्रियापदांना पॅसिव्ह नसतोच, कारण त्यांचं काम कुणावर होत नाही: हॅपन, ऑकर, अराइव्ह, बिलाँग, कन्सिस्ट. “ॲन एरर मे बी ऑकर्ड” हे सॉफ्टवेअरच्या कागदांत सर्रास दिसतं. “ॲन एरर मे ऑकर” एवढंच हवं.

मागे राहणाऱ्या छोट्या शब्दांचीही एक गंमत आहे. ‘लुक इंटू’ पॅसिव्हमध्ये गेला तरी ‘इंटू’ सोबतच जातो: “युअर कम्प्लेंट विल बी लुक्ड इंटू.” तो गाळून “विल बी लुक्ड” लिहिलं, तर तक्रारीकडे नुसतं बघितलं जाईल. (कधीकधी तेच खरं असतं, ते सोडा.) ‘कम्प्लाय विथ’चंही तसंच: “द रूल्स मस्ट बी कम्प्लाइड विथ.” उलट ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागतच नाही, तरी “विल बी डिस्कस्ड अबाउट” लिहिलं जातं.

‘तुम्हाला कळवण्यात येईल’ याचं “इट विल बी इन्फॉर्म्ड टू यू” होतं, ते आपल्या ‘तुम्हाला’मुळे. इंग्रजीत ‘इन्फॉर्म’ माणसाला करतात, बातमीला नाही. “यू विल बी इन्फॉर्म्ड.” संपलं.

स्पेलिंगचं एकच: ‘मे’ आणि ‘बी’ सुटे लिहिले तर ते क्रियापद, जोडून लिहिले तर ‘कदाचित’. “द डेट मे बी चेंज्ड” मध्ये सुटेच हवेत. ‘कॅनॉट’ मात्र एका शब्दात लिहायचा.

कर्मणी म्हणजे पॅसिव्ह नव्हे

एमपीएससीची तयारी करणाऱ्यांना हा गोंधळ हमखास छळतो. “मधूने पत्र लिहिले” हा मराठीत कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद पत्राच्या लिंग-वचनाप्रमाणे चालतं. पण इंग्रजीत त्याचं “मधू रोट द लेटर” होतं आणि ते साधं ॲक्टिव्ह आहे. मधू तिथे वाक्याच्या तोंडाशीच बसलेला आहे, लपलेला नाही. इंग्रजी पॅसिव्हच्या खरं जवळ जाणारी आपली रूपं तीन: ‘लिहिले जाईल’, ‘लिहिण्यात येईल’ आणि करणाऱ्याला अजिबात हात न लावणारं ‘लिहिता येईल’. यातल्या ‘जाणे’वाल्या रचनेला आपली व्याकरणाची पुस्तकं नवीन कर्मणी म्हणतात आणि ती इंग्रजीच्या वळणाने रुळली असं सांगतात. ‘-ण्यात येईल’ ही सरकारी कागदांची लाडकी.

म्हणजे सवय आपल्याला आहेच. अडचण वेगळ्याच जागी आहे.

‘करावे’ याचं इंग्रजी काय?

हे विध्यर्थाचं रूप एकट्याने फार ओझं वाहतं. “मुलांनी रोज व्यायाम करावा” हा सल्ला. “आता पाऊस थांबावा” ही इच्छा. “तो पुण्यातच असावा” हा अंदाज. “उमेदवारांनी मूळ कागदपत्रे सोबत आणावीत” ही सक्ती. नाही आणली तर खिडकीवरून परत पाठवतात. मराठी वाचणारा संदर्भावरून बरोबर ओळखतो, म्हणून आपलं कधी अडत नाही.

इंग्रजीत मात्र प्रत्येकाला वेगळा शब्द आहे आणि तो आधीच निवडावा लागतो. “ओरिजिनल डॉक्युमेंट्स शुड बी ब्रॉट” वाचून नियमाला पक्का पण मराठी न येणारा उमेदवार झेरॉक्स घेऊन येऊ शकतो, आणि भांडलाच तर त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. ‘शुड’ म्हणजे आणलेलं बरं. “मस्ट बी ब्रॉट” म्हणजे आणल्याशिवाय काम होणार नाही.

म्हणून मराठी नोटिशीचं इंग्रजी करताना ‘-आवा, -आवी, -आवे’ दिसलं की आधी एक प्रश्न: हे नाही केलं तर काय होईल? अर्ज बाद होणार असेल तर मस्ट. काहीच होणार नसेल, फक्त सोयीचं असेल, तर शुड. करायची मोकळीक दिली असेल तर मे. ही निवड भाषांतराच्या यंत्रावर सोपवली तर ते काहीतरी एक उचलून देईल, पण अर्ज बाद होणार की नाही हे त्या यंत्राला माहीत नसतं.

शब्दागणिक किती जोर

मस्ट बी आणि विल बी यांच्यात फारसं कुणी अडखळत नाही. एक अट, दुसरं पुढे होणारी गोष्ट. खोळंबा होतो तो खालच्या ठिकाणी.

‘वुड बी’. आपल्याकडे “द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन मंडे” हे इतकं रुळलं आहे की ‘विल’पेक्षा ते जास्त सभ्य वाटतं. बाहेरचा वाचक मात्र थबकतो: झाली असती, म्हणजे कशावर अडली आहे? ‘वुड’ला ‘जर’ हवा असतो, नाहीतर कुणीतरी पूर्वी सांगितलेली गोष्ट हवी असते. तारीख पक्की असेल तर ‘विल’.

‘मे नॉट बी’. याचे दोन अर्थ होतात, मनाई आणि कदाचित-नाही, आणि लिखाणात आवाजाचा चढउतार नसल्यामुळे कोणता ते कळायला मार्ग नसतो. आंतरराष्ट्रीय मानकं लिहिण्याचे आयएसओचे नियम तर सांगतात की मनाईसाठी ‘मे नॉट’ वापरूच नका. मनाई असेल तर “मस्ट नॉट बी” किंवा “विल नॉट बी” लिहा. शक्यता असेल तर “इन सम केसेस, द डिपॉझिट विल नॉट बी रिफंडेड” असं म्हणून ती प्रकरणं कोणती ते खाली लिहा.

‘मस्ट नॉट बी’ आणि ‘नीड नॉट बी’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. “द स्टेटमेंट मस्ट नॉट बी साइन्ड” म्हणजे सही केलीत तर याद राखा. “नीड नॉट बी साइन्ड” म्हणजे सहीवाचून चालेल. मराठीत ‘सही करायची नाही’ आणि ‘सही करायची गरज नाही’ आपण नीट वेगळे ठेवतो, इंग्रजीत मात्र दोन्हीला ‘मस्ट नॉट’ ठोकून देतो.

‘कुड बी’ भूतकाळात घसरतो. “द वर्क कुड बी कम्प्लीटेड यस्टरडे” असं लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की काल काम उरकता आलं. वाचणाऱ्याला वाटतं, उरकता आलं असतं. काम झालं असेल तर “वॉज कम्प्लीटेड” लिहा. नकारात मात्र ‘कुड’ ठणठणीत चालतो: “द वर्क कुड नॉट बी कम्प्लीटेड.”

पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं जातं, तेव्हाच्या सूचनेत हा जोर अगदी उघडा दिसतो. “द डिस्चार्ज विल बी इन्क्रीज्ड ॲट 6 पी.एम.” वाचून नदीकाठच्याने गाडी हलवायची आणि भिडे पुलाचा नाद सोडायचा. “द डिस्चार्ज मे बी इन्क्रीज्ड” वाचून सावध राहायचं आणि पुढची सूचना पाहायची. एका शब्दावर माणूस रात्री झोपायचं की जागायचं ते ठरवतो.

कर्ता गाळला तर काय बिघडतं?

एक साधा नियम सांगतो, तो बहुतेक ठिकाणी खरा ठरतो. बंदीला कर्ता नसला तरी चालतं. कर्तव्याला चालत नाही.

भारतीय संविधानाचं कलम २१ पाहा. “नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ड ऑफ हिज लाइफ ऑर पर्सनल लिबर्टी एक्सेप्ट अकॉर्डिंग टू प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ.” कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीखेरीज कुणाचंही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेतलं जाणार नाही. कुणी हिरावून घ्यायचं नाही, ते लिहिलेलंच नाही. लिहिलं असतं तर यादीबाहेरचा कुणी म्हणाला असता, माझं नाव यात नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात, खाणीत कामाला ठेवण्याची मनाई करणारं कलम २४ असंच, “शॅल बी एम्प्लॉइड” वापरून. कर्ता गाळल्याने बंदी सगळ्यांवर पसरते.

कर्तव्याची गोष्ट उलटी. ते कुणाच्या तरी अंगावर असावं लागतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ मध्ये आधी म्हटलंय की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे आणि “शॅल बी रजिस्टर्ड”, म्हणजे त्याची नोंदणी झाली पाहिजे. एवढ्यावर थांबलं असतं तर मालक भाडेकरूकडे आणि भाडेकरू एजंटाकडे बोट दाखवत बसला असता. म्हणून लगेच पुढच्या पोटकलमात सांगितलं आहे की नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. आणि लेखी, नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जाईल, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. त्याच्या पुढे शिक्षा: ती “शॅल” म्हणजे होणारच, पण कैदेची मुदत “मे एक्स्टेंड टू” तीन महिने, म्हणजे तिथवर जाऊ शकते. पुण्यात भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाने हे कलम वाचावं, त्यातलं इंग्रजी समजण्यासाठी तरी.

करणाऱ्याचं नाव ‘बाय’ लावून शेवटी जोडता येतं, पण इथे एक खड्डा आहे. “द फॉर्म मस्ट बी सबमिटेड बाय फ्रायडे” मधला ‘बाय’ मुदतीचा आहे. “बाय द ओनर बाय फ्रायडे” असे दोन ‘बाय’ एकापुढे एक आले, की ते वाक्य सरळ करून टाकलेलं बरं: “द ओनर मस्ट सबमिट द फॉर्म बाय फ्रायडे.”

वाक्य उलटवलं की अर्थ तोच राहतो ना?

परीक्षेत हो. लिहिताना नेहमी नाही. मोडल आपला जोर शक्यतो वाक्याच्या तोंडाशी असलेल्यावर टाकतो. “राहुल कान्ट टीच सीमा” वाचून वाटतं, राहुलला शिकवता येत नाही. “सीमा कान्ट बी टॉट बाय राहुल” म्हटलं की सीमाच शिकण्यापलीकडची वाटू लागते. “द डॉक्टर वोन्ट एक्झॅमिन हर” मध्ये डॉक्टर नकार देतो आहे. “शी वोन्ट बी एक्झॅमिन्ड” मध्ये तिची तपासणी व्हायची नाही एवढंच. डॉक्टर रजेवर असेल, मशीन बंद असेल, नंबर लागला नसेल. तक्रारीच्या पत्रात नकाराचा मुद्दा हवा असेल आणि तुम्ही सभ्यपणे पॅसिव्ह वापरलात, तर मुद्दाच गेला.

होऊन गेलेल्याबद्दल

साच्यात ‘बी’च्या जागी ‘हॅव बीन’ बसवलं की नजर मागे वळते. पण मस्टचा अर्थ तिथे पालटतो, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसतं. “द फाइल मस्ट बी सेंट” म्हणजे पाठवायलाच हवी. “द फाइल मस्ट हॅव बीन सेंट” म्हणजे बहुधा पाठवली गेली असणार. सक्ती जाऊन अंदाज उरला. काल पाठवणं भागच होतं, असं म्हणायचं असेल तर “हॅड टू बी सेंट”.

“शुड हॅव बीन सेंट” मध्ये बोट रोखलेलं आहे: पाठवायला हवी होती, पाठवली नाही. “कुड हॅव बीन अव्हॉइडेड” ही आणखी धारदार. टाळता आलं असतं. वरिष्ठांना पाठवायच्या मेलमध्ये यांतलं कुठलंही वाक्य टाकण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचून पाहावं. कर्ता गाळला तरी समोरच्याला तो कोण ते बरोबर कळतं.

“पण पॅसिव्ह वापरूच नये असं सांगतात”

वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये पॅसिव्हखाली रेघ येते, त्यामुळे हा समज पक्का होतो. रेघ म्हणजे चूक नव्हे. करणारा उघड असेल किंवा कोण आहे याने काही फरक पडत नसेल, तर पॅसिव्हच ठीक. “वॉटर सप्लाय विल बी शट ऑफ ऑन थर्सडे.” पाणी महापालिका बंद करणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, वाचणाऱ्याला वार आणि वेळ हवी असते. प्रयोगशाळेतल्या कृतीतही तसंच: “द सॅम्पल मस्ट बी कूल्ड बिफोर इट इज वेड.” नमुना गार झाला पाहिजे, कुणी का करेना.

एखाद्या सोसायटीची नोटीस अशी असते, असं धरू:

“ऑल मेंबर्स आर हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट द वॉटर टँक वुड बी क्लीन्ड ऑन संडे. वॉटर मे बी स्टोअर्ड. व्हेइकल्स मे नॉट बी पार्क्ड निअर द टँक. लीकेजेस शुड बी रिपोर्टेड.”

पहिल्या वाक्यातला ‘वुड’ काढून ‘विल’ घालायचा आणि सुरुवातीची पालखी उतरवायची: “द वॉटर टँक विल बी क्लीन्ड ऑन संडे, फ्रॉम 10 टू 2.” पॅसिव्ह राहू द्या, टाकी कोण धुतो याच्याशी सभासदांना देणंघेणं नाही. दुसरं वाक्य सभासदांचं काम आहे आणि ‘मे’मुळे ते ऐच्छिक झालंय. सरळ सांगा: “प्लीज स्टोअर इनफ वॉटर ऑन सॅटरडे नाइट.” तिसरी बंदी, तिला पॅसिव्ह शोभतो, फक्त शब्द बदला: “व्हेइकल्स मस्ट नॉट बी पार्क्ड निअर द टँक.” चौथ्यात तर सगळंच हरवलंय. कुणी सांगायचं, कुणाला, मग पुढे काय? “इफ यू सी अ लीक, टेल द वॉचमन. ही विल कॉल द प्लंबर.” चारातली दोन पॅसिव्हच राहिली, आणि रविवारी दुपारी सेक्रेटरीला येणारे फोन बरेच कमी होतील.

“आमच्याकडे ‘मे काइंडली बी’च चालतं”

चालतं, खरं आहे. “लीव्ह मे काइंडली बी ग्रँटेड” हे ‘रजा मंजूर करण्यात यावी’चं सख्खं भावंड. सरकारी फायलींत ते मुरलेलं आहे आणि तिथे ते बदलायला जाऊ नये. साहेबांना ते उद्धट वाटणार नाही एवढी खात्री असते. पण तेच वाक्य परदेशातल्या क्लायंटला गेलं तर त्याला ही विनंती आहे की शक्यता, हे चटकन उमगत नाही. तिथे “कुड यू प्लीज अप्रूव्ह माय लीव्ह फ्रॉम 4 टू 8 ऑगस्ट?” हे जास्त नम्रही आहे आणि उत्तर द्यायलाही सोपं.

‘शॅल’चंही असंच. तो भारदस्त दिसतो म्हणून साध्या मेलमध्ये घालू नका. कायद्यातही त्याचा अर्थ सरळ नाही. आपल्या न्यायालयांनी संदर्भ पाहून काही ठिकाणी ‘शॅल’ सक्तीचा नाही असं ठरवलंय आणि काही ठिकाणी ‘मे’ला सक्तीचं मानलंय. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रियेचे नियम २००७ मध्ये नव्याने लिहिले गेले, तेव्हा त्यातून ‘शॅल’ काढून टाकला. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानात सक्तीसाठी ‘मस्ट’ आहे.

हिंजवडीत एक कोश, चाकणमध्ये दुसरा

तांत्रिक कागद लिहिणाऱ्यांनी इथे खास लक्ष द्यावं, कारण हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत हे शब्द एका नियमाने चालतात आणि चाकणच्या वाहन कारखान्यांत दुसऱ्या.

इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांनी मार्च १९९७ मध्ये आरएफसी २११९ नावाचा कागद काढला. त्यात मस्ट, शॅल, शुड, मे यांचे अर्थ ठरवून दिलेत: मस्ट आणि शॅल दोन्ही पूर्ण सक्तीचे, शुड म्हणजे सबळ कारण असेल तरच सोडता येईल, मे म्हणजे ऐच्छिक. २०१७ मध्ये आरएफसी ८१७४ ने आणखी स्पष्ट केलं की हे खास अर्थ शब्द कॅपिटल अक्षरांत असतील तेव्हाच लागू.

वाहनउद्योगातली मंडळी आयएसओच्या वळणाने वाचतात. तिथे आवश्यकतेला ‘शॅल’, शिफारशीला ‘शुड’, परवानगीला ‘मे’ आणि शक्यतेला ‘कॅन’. ‘शॅल’च्या जागी ‘मस्ट’ वापरायचा नाही, असं तिथे बजावलेलं आहे. म्हणजे वर नोटिशींसाठी दिलेला ‘मस्ट’चा सल्ला चाकणच्या डिझाइन इंजिनिअरने पाळला तर त्याचा कागद परत येईल. ज्या घरात लिहिताय त्या घरचा कोश पाळा, आणि तो कोणता हे पहिल्या पानावर सांगा.

कर्त्याचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच. “पासवर्ड्स शुड बी हॅश्ड” (म्हणजे पासवर्ड न वाचता येणाऱ्या रूपात बदलून ठेवावेत) असं वाक्य रिक्वायरमेंटमध्ये आलं की टेस्टर अडकतो. ‘शुड’ असल्यामुळे न केलेलं काम बग म्हणून नोंदवता येत नाही, आणि ब्राउझरने करायचं की सर्व्हरने, तेही लिहिलेलं नसतं. दोन टीम एकमेकींकडे बघत राहतात. “द सर्व्हर मस्ट हॅश इच पासवर्ड बिफोर स्टोअरिंग इट.” शब्द वाढले चार-पाच, वाद मिटला.

आणि ते डिपॉझिट

करारात “द डिपॉझिट शॅल बी रिफंडेड” एवढंच असेल तर सक्ती आहे, पण कोण देणार, किती दिवसांत, काय कापून, यातलं काहीच नाही. मसुदा हातात आला की त्या ओळीच्या जागी असं मागा: “द लायसन्सर शॅल रिफंड द डिपॉझिट विदिन 7 डेज ऑफ रिसीव्हिंग द कीज, आफ्टर डिडक्टिंग ओन्ली अनपेड रेंट अँड इलेक्ट्रिसिटी बिल्स.” करारात घरमालकाला लायसन्सर म्हणतात, म्हणून तो शब्द. रंगकामाचे पैसे कापणार असतील तर त्याचाही आकडा तिथेच लिहायला सांगा. “रीझनेबल चार्जेस मे बी डिडक्टेड” यावर सही करू नका. त्यातला ‘रीझनेबल’ घर सोडताना मालकाच्या मनाप्रमाणे फुगतो आणि ‘मे’ त्याला मोकळं रान देतो. मालक पॅसिव्हवरच अडून बसला तर बसू द्या, पण दिवसांचा आकडा आणि कापायच्या रकमांची यादी तेवढी घालून घ्या. हे सगळं नोंदणीच्या आधी. एकदा नोंदणी झाली की एका शब्दाच्या दुरुस्तीलाही वेगळा दस्त करावा लागतो.